बालवाडीसाठीचा शरद ऋतूचा घडीकाम संच : दसऱ्यापासून माघापर्यंतचा अनुभव

बदली म्हणून आलेला दुसरा संच गेल्या आठवड्यात उघडला आणि त्यातलाही कागद चौरस नाही हे पट्टी लावताच दिसले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. संचात काय काय येते हे पुन्हा सांगत बसत नाही; साठ रंगीत कागद, घड्यांची पुस्तिका, गोंदाची कांडी आणि डोळ्यांचे स्टिकर हे ज्यांनी तो मागवला किंवा मागवण्याचा विचार केला त्यांना ठाऊक असणारच. मी कोल्हापुरात राजारामपुरीत छोटी बालवाडी चालवते. साडेतीन ते पाच वर्षांची मुले आहेत, साहित्याचा खर्च पालकांच्या वर्गणीतून होतो आणि त्यातल्या प्रत्येक रुपयाचा हिशोब मला जूनमध्ये पालकसभेत द्यावा लागतो. त्यामुळे पुढचे मत कोणाला कंजूषपणाचे वाटले तरी माझी हरकत नाही.

मुख्य तक्रार एकच आहे. वेष्टनावर १५ सेंटिमीटर गुणिले १५ सेंटिमीटर असे छापले आहे. प्रत्यक्षात कागदाची एक बाजू १५ आणि दुसरी १४.८ सेंटिमीटर भरते. दोन मिलिमीटर ऐकायला काहीच नाहीत, पण कागद एका बाजूने रंगीत आणि मागून पांढरा असल्यामुळे चूक लपत नाही. कडेला कड लावून तिरकी घडी घातली की एका बाजूस पांढरी पट्टी उघडी राहते, आणि ती टाळण्यासाठी टोकाला टोक लावले की कडा एकमेकींपासून सरकतात. मोठी माणसे ही तफावत वाटून घेतात, थोडे इकडे, थोडे तिकडे, आणि पुढे जातात. चार वर्षांच्या मुलाला आपण मात्र एकच नियम शिकवलेला असतो : टोकावर टोक ठेवायचे, बोटाने दाबून धरायचे आणि मग नखाने घडी ओढायची. तो नियम इमानाने पाळणाऱ्या मुलाचाच कागदी कोल्हा वाकडा होतो आणि कसाबसा चुरगाळणाऱ्याचा चालून जातो, हे मला एक शिक्षिका म्हणून अजिबात मान्य नाही. आमच्या वर्गातील एक मुलगी घडी उघडायची, पुन्हा जुळवायची, पुन्हा उघडायची, शेवटी त्या जागी कागद कापसासारखा मऊ पडला आणि तिने तो माझ्या हातात देऊन सांगितले, "बाई, ह्याला टोकच नाही."

घडीकामाचे सगळे शिक्षण चौरसावर उभे आहे. शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेलने १८३७ मध्ये जर्मनीत ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था सुरू केली, आणि तिच्यातून जी बालोद्यानाची, म्हणजे किंडरगार्टनची, परंपरा पुढे वाढली तिच्यात कागदाच्या घड्यांना खेळाइतकेच गणिताचेही स्थान होते. चौकोनाचा त्रिकोण होतो, त्रिकोणाचा लहान त्रिकोण होतो, अर्धे आणि पाव हे शब्द न उच्चारता हातात येतात. कागद चौरस नसेल तर यातले काहीच घडत नाही. आठ नमुन्यांपैकी पाच पहिल्याच तिरक्या घडीपासून सुरू होतात, तेव्हा हा दोष किरकोळ आहे हे म्हणणे मला पटत नाही.

विक्रेत्याच्या ग्राहक विभागाला मात्र तेच म्हणायचे होते. पहिल्या फोनवर मला सांगण्यात आले की इतक्या लहान मुलांच्या हाताला दोन मिलिमीटरचा फरक पडत नाही. पट्टी ठेवून काढलेले फोटो पाठवल्यावर दुसरे कारण आले : पावसाळी भागात दमट हवेने कागद फुगतो, त्याला आमचा इलाज नाही. हे दुसरे कारण मी गंभीरपणे घेतले, कारण त्यात तथ्य आहे. यंत्रावर तयार होणाऱ्या कागदात तंतू बहुतांशी एकाच दिशेने बसतात, आणि ओल शोषल्यावर कागद तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त वाढतो. भाद्रपदातल्या कोल्हापुरात, जिथे चादरीसुद्धा दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तिथे कागदाने थोडे अंग सैल सोडले तर नवल नाही. म्हणून एक गठ्ठा स्टीलच्या डब्यात घट्ट झाकण लावून ठेवला आणि दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर, डबा उघडा ठेवून काही दिवसांनी पुन्हा मोजला. फरक होता तेवढाच होता. म्हणजे दोष हवेचा नव्हता, कापणीचाच होता. हे कळवल्यावर बदली संच मंजूर झाला. तो नेमका सुट्टीत बालवाडीला कुलूप असताना आला, परत गेला आणि पुन्हा यायला नवीन वर्ष उजाडले. आणि तोही त्याच मापाचा निघाला.

आता चांगली बाजू, कारण ती आहे, आणि दसऱ्याच्या वेळी माझे मत बरेच बदलले होते. पुस्तिका खरोखर उत्तम आहे. आत वळणाऱ्या घडीसाठी तुटक रेषा आणि बाहेर वळणाऱ्या घडीसाठी मध्ये ठिपका असलेली तुटक रेषा, ही जपानी घडीकाम कलाकार अकिरा योशिझावा यांनी रूढ केलेली पद्धत तिने काटेकोर पाळली आहे, चित्रे मोठी आहेत आणि एका पानावर एकच घडी आहे. मुलांना त्या रेषा वाचता येत नाहीत, पण शिकवणाऱ्याचा गोंधळ होत नाही. आमच्या मदतनीस मावशींनी यापूर्वी कधी घडीकाम केले नव्हते. त्यांनी पुस्तिका समोर ठेवून एका दुपारी घुबड बसवले आणि दुसऱ्या दिवशी माझ्याआधी मुलांना शिकवून टाकले.

संचातला सर्वांत चांगला नमुना म्हणजे चुण्यांचे पान. कागद तिरका कापून दोन त्रिकोण करायचे, त्रिकोणाच्या लांब बाजूकडून सुरुवात करून उलटसुलट, पंख्यासारख्या बारीक चुण्या घालत टोकापर्यंत जायचे, मग ती पट्टी मधोमध वाकवून लांब बाजूचे दोन अर्धे एकमेकांना चिकटवायचे. सोडले की पान उमलते. चिकटवलेली जागा मधली शीर होते आणि चुण्या दोन्ही बाजूंना तिरक्या शिरा होतात. येथे कागद चौरस असण्याची गरजच नाही. चुण्या लहानमोठ्या झाल्या तर पान बिघडत नाही, उलट खरे वाटते. साडेतीन वर्षांच्या मुलांना पहिली चुणी घालून द्यावी लागते, पुढे ती स्वतः करतात, आणि एका कागदात दोन पाने होतात हे माझ्यासारखीला विशेष भावले. गोंदाची कांडी मात्र पहिल्याच आठवड्यात वाळून खडू झाली, म्हणून आम्ही घरची कणकेची खळ वापरली. ती रोज ताजी करावी लागते, नाहीतर आंबते.

नमुन्यांच्या निवडीबद्दल थोडे बोलणे भाग आहे. संच थंड देशांतल्या शरद ऋतूचा आहे : मेपलचे पान, ओकचे फळ, खार, अळंबी. आपल्याकडे अश्विनात पाऊस नुकताच ओसरलेला असतो आणि झाडे वर्षभरात सर्वांत हिरवी असतात. पानगळ येते ती शिशिरात. म्हणून ऑक्टोबरमध्ये भिंतीवर लावलेली ती लालकेशरी पाने मुलांना ओळखीची वाटेनात. ओकच्या फळाला सगळ्यांनी एकमताने भोवरा ठरवले. भोपळ्यावर दात विचकणारा चेहरा चिकटवायचा होता, तेव्हा एकाने विचारले की आतली म्हातारी कुठे आहे. मग आम्ही चेहऱ्याचे स्टिकर बाजूला ठेवले आणि भोपळ्याला खिडकी कापून आत म्हातारी बसवली. हा दोष मी संचाच्या माथी मारत नाही, वेष्टनावर चित्र स्पष्ट होते.

शिवाय थोडी मुरड घातली की तेच कागद आपल्या शरदालाही चालतात. हिरवा कागद मधोमध दुमडून, बोथट कात्रीने वर आणि खाली एकेक गोलाई कापली की उघडल्यावर आपट्याचे जोडपान होते. मधली घडी त्याला आपोआप मिळते, खऱ्या पानालाही ती असतेच. दसरा चौकात सोने लुटायला जाणाऱ्या मुलांनी ही पाने खिशात नेली आणि घरोघरी वाटली. फांद्या ओरबाडण्यापेक्षा हे बरे, असे एका आजींनी मुद्दाम येऊन सांगितले. केशरी आणि पिवळ्या कागदाच्या लांब पट्ट्यांना चुण्या घालून, गोल वळवून त्याचे झेंडू झाले. या महिन्यात अंगणातल्या देशी बदामाची पाने लाल होऊन गळू लागली आहेत, तेव्हा संचातला लाल कागद प्रथमच योग्य जागी वापरला गेला : खरे पान शेजारी ठेवून मुलांनी चुण्यांचे पान केले आणि दोन्हींतल्या शिरा बोटाने मोजून पाहिल्या.

राहता राहिला कागदाचा प्रश्न. बदली संच आल्यावर पुन्हा फोन करण्याचा मला कंटाळा आला. दोन्ही संचांतले उरलेले कागद घेऊन मी लक्ष्मीपुरीतल्या एका बाइंडिंगच्या दुकानात गेले. दुकानदाराने पट्टीकडे पाहिलेही नाही, गठ्ठा हातात घेऊन चारही कडा टेबलावर ठोकल्या, वरचा एक कागद तिरका दुमडून बाहेर आलेली पट्टी पाहिली आणि म्हणाला, "आणा हिकडं, एका दणक्यात करून देतो की." कटिंग मशीनखाली गठ्ठा सरकवला, पाते खाली आले, आणि एका बाजूला शेवयांसारख्या रंगीत पट्ट्यांचा ढीग पडला. कागद आता १४.८ गुणिले १४.८ आहे. त्याने पैसे घेण्यास नकार दिला, मी वीस रुपये ठेवून आले. त्या पट्ट्याही मी आणल्या, त्या खारीच्या शेपटीला लागतील.

दुसऱ्या दिवशी त्याच मुलीने त्याच कोल्ह्याची पहिली घडी एकदाच घातली आणि ती जुळली. तिने वर पाहिलेही नाही, पुढची घडी घेतली. जे काम वीस रुपयांत आणि पाच मिनिटांत होते ते कारखान्यात होत नाही, याचा मला राग येतो, आणि तो अजून गेलेला नाही.

खर्चाचा विचार केला तर हिशोब असा : संच साडेतीनशे रुपयांचा. तितक्याच संख्येचा घोटीव कागद लक्ष्मीपुरीतून आणून चौरस कापून घेतला तर त्याच्या चौथाईतही काम भागते. घोटीव कागद पातळ असतो, घाम आलेल्या बोटांना त्याचा रंग लागतो आणि एकाच जागी वारंवार दुमडला तर घडीवर रंग उडतो, हे खरे आहे. संचाचा कागद त्या बाबतीत उजवा आहे, रंग पक्का आहे आणि घडी कुरकुरीत बसते. ज्यांना घरच्या एका मुलासाठी घ्यायचा आहे त्यांनी खुशाल घ्यावा, चुण्यांच्या पानापासून सुरुवात करावी आणि तिरक्या घडीचे नमुने कडा छाटल्यानंतरच करावेत. वर्गासाठी मात्र मी तो पुन्हा मागवणार नाही. पुस्तिका तेवढी स्वतंत्र विकत मिळेल का, असे मी विक्रेत्याला लिहून विचारले आहे. उत्तरादाखल समाधानाचे गुण देण्याचा अर्ज आला आहे. तो मी भरला, आणि शेऱ्याच्या रकान्यात १५ गुणिले १४.८ एवढेच लिहिले.