विक्रीत पास, डिव्हिडंडमध्ये नापास

हे हिशेबाचं सॉफ्टवेअर सात-आठ महिने वापरलं आणि मगच लिहितोय, नाव मुद्दाम टाकत नाही कारण सपोर्टवाल्यांशी वाद अजून चालूच आहे. विक्रीच्या बाजूने खरंच मस्त आहे. वर्षाची वर्गणी 1200 एकदम आली तरी सगळी उत्पन्नात ढकलत नाही, आगाऊ आलेले पैसे म्हणून देण्याच्या बाजूला ठेवतं आणि दर महिन्याला 100 आपोआप उत्पन्नात घेतं. आयएफआरएस 15 (विक्रीचं उत्पन्न कधी आणि किती दाखवायचं याचा आंतरराष्ट्रीय हिशेब नियम) च्या पाच पायऱ्या ज्याने बसवल्या त्याला मानलं.

पण डिव्हिडंड (शेअरवर मिळणारा लाभांश) आला की हुशारी संपली. आमचे 1000 शेअर, दर शेअरला 5, म्हणजे 5000. मंजूर झाला 20 डिसेंबरला, आमचं वर्ष संपतं 31 ला, पैसे बँकेत 12 जानेवारीला आणि तेही 500 टॅक्स कापून 4500. तर या महाशयांनी बँकेची एंट्री बघून जानेवारीत 4500 उत्पन्न टाकलं, आणि कुठे तर सेल्समध्ये! अहो डिव्हिडंड पूर्वी आयएएस 18 या उत्पन्नाच्या जुन्या नियमात होता, 2018 पासून तो आयएफआरएस 9 कडे, म्हणजे शेअर-कर्जासारख्या आर्थिक साधनांच्या नियमाकडे गेलाय, 15 मध्ये येतच नाही. आणि तिथे बघायचं काय तर हक्क कधी पक्का झाला, पैसे येतील असं दिसतंय ना आणि रक्कम नीट सांगता येते ना, बस. पैसे हातात कधी पडले याच्याशी संबंध नाही. मग शेवटी मीच हाताने जर्नल मारलं, डिसेंबरात डिव्हिडंड येणे नावे 5000, डिव्हिडंड उत्पन्न जमा 5000, जानेवारीत बँक नावे 4500, कापलेला टॅक्स नावे 500 आणि येणे जमा 5000.

सपोर्टचं उत्तर काय, तर "बँकेशी जुळतंय ना सर, मग बरोबर आहे." घ्या!

बोनस शेअर (कंपनीने फुकट दिलेले जादा शेअर) आले तेव्हा तर बाजारभावाने चक्क उत्पन्न दाखवलं, अरे एक पैसा आलेला नाही, जुनीच किंमत जास्त शेअरवर वाटायची असते (नफा बघून साहेब मात्र दोन दिवस खूश होते). एका कंपनीत आमचा 30 टक्के हिस्सा आहे, तिथे इक्विटी मेथड लागते, म्हणजे त्या कंपनीच्या नफ्यातला आपला हिस्सा गुंतवणुकीच्या रकमेत धरत जायचा आणि डिव्हिडंड आला की गुंतवणुकीची रक्कम तेवढी कमी करायची, तो ऑप्शनच कुठे सापडला नाही.

विक्रीला 5 पैकी 4, गुंतवणुकीला 1, तोही बोनसची एंट्री डिलीट करता आली म्हणून.