थांबून बघायचं की दाखवून यायचं?

योनीमुखाशी बोटाला कोंबासारखं काही लागलं की दोनच वाटा उरतात. महिनाभर लक्ष ठेवायचं, नाहीतर याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवायचं. मी दोन्ही केलंय, याच क्रमाने.

थांबण्याच्या बाजूने बोलण्यासारखं आहे. योनिपटलाचे, म्हणजे योनीमुखावरच्या पातळ पडद्याचे, उरलेले मऊ तुकडे बाळंतपणानंतर जाणवतात, तो आजार नव्हे. दोन्हीकडे सारखे, बुडाशी सुटे, त्वचेच्याच रंगाचे बारीक दाणेही अनेकींना असतात. केस काढल्यावर आलेली पुळी बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत बसते. वर्षानुवर्षं आहे तसंच असलेलं काही असेल, तर पुढच्या तपासणीत विचारलं तरी चालावं.

माझं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. बाळंतपणातल्या टाक्यांच्या जागी लालसर कोंब होता. रोज रात्री आरसा आणि मोबाईलचा टॉर्च. कधी मोठा वाटायचा, कधी दिसायचाच नाही. बसायची पद्धत बदलली की त्याचं रूप बदलायचं. चाचपून चाचपून जागा हुळहुळी झाली, आणि दुखतंय ते कोंबामुळे की माझ्या बोटामुळे, हेच कळेना. लक्ष ठेवण्यानेच लक्षण बिघडवलं! फोटोंशी ताडून पाहणं तर त्याहून वाईट. चामखीळ आणि निरुपद्रवी दाणा स्क्रीनवर सख्खी भावंडं दिसतात.

तपासणी दहा मिनिटांत झाली. जखम भरताना जास्तीचं वाढलेलं मांस, ग्रॅन्युलेशन टिश्यू. जास्तीचं मांस जाळणारी सिल्व्हर नायट्रेटची काडी लावली, थोडं चुरचुरलं, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. टेबलावर संकोच वाटला, नाही असं नाही. पण तो दहा मिनिटांचा. आरशापुढची घालमेल सात आठवड्यांची.

सगळ्यांचं असंच होईल असं नाही. तरी हात लावल्यावर रक्त येत असेल, कोंब वाढत असेल, पांढरा किंवा गडद चट्टा असेल, खाज हटत नसेल, तर महिना कशाला घालवायचा? चाळिशीनंतर नव्याने आलेली गाठ आणि पाळी गेल्यावर दिसलेलं थेंबभर रक्तही यातच. संध्याकाळी खाली उतरणारं आणि आडवं झाल्यावर आत जाणारं काही असेल, तर ते बहुधा अंग बाहेर येणं. सहसा घाईचं नसतं, पण दाखवावं. ताप, झपाट्याने सुजलेली दुखरी गाठ, लघवी अडणं, गरोदरपणात योनीतून मांसाचा तुकडा पडणं असेल तर त्याच दिवशी जा.

जायच्या आधी दोन दिवस मनाने मलम लावू नका, आतून धुऊ नका. आहे तसं डॉक्टरांना दिसू दे.