पिस्टन फुटल्याचं सांगून जुनाच पिस्टन परत बसवला

उन्हाळी नांगरटीच्या तोंडावर आमच्या दारव्हा-दिग्रस भागात ट्रॅक्टरचा पिस्टन गेला असं खोटं सांगून पैसे उकळायचा प्रकार चालतो. कास्तकार भावांनो, सावध राहा.

माझा तीन सिलिंडरचा जुना ट्रॅक्टर पांढरा धूर मारू लागला, नांगर टाकला की दबायचा. मिस्त्रीनं चालू इंजिनचं तेलाचं झाकण काढून वाफ दाखवली. "पिस्टन गेला ना भाऊ, पूरा बोअर करा लागते." म्हणजे पिस्टन आणि लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) नवे टाकायचे. थोडीफार वाफ कोणत्याही जुन्या इंजिनातून येतेच, हे त्यानं सांगितलं नाही. मी पोहोचलो तेव्हा इंजिन उघडलेलं होतं आणि फळीवर रिंगांच्या खाचा तुटलेला पिस्टन ठेवलेला. लायनर-पिस्टन सेट आणि मजुरीचे 38,000 रुपये त्यानं साध्या चिठ्ठीवर घेतले.

धूर तसाच राहिला, वर हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) सांध्यातून पाणी झिरपू लागलं. मग यवतमाळच्या एका वयस्क मिस्त्रीकडे नेला. त्यानं आधी काहीच उघडलं नाही. इंजिन हळू चालू ठेवून इंजेक्टरच्या (सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) पाइपांचे नट एकेक करून सैल केले. पहिला आणि तिसरा सैल करताच इंजिन लंगडायचं. दुसऱ्याला आवाज जराही बदलला नाही, म्हणजे ते सिलिंडर कामच करत नव्हतं. (हे घरी करू नका, दाबातली डिझेलची धार कातडीत घुसते.) तो इंजेक्टर टेस्टरवर लावला, तर त्याचं नोझल (टोकाचं तोंड) फवारा मारायचं सोडून ठिबकत होतं. गेजवर तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतल्या हवेचा दाब) जवळपास सारखं निघालं, म्हणजे पिस्टन ठीक होते. खरा बिघाड नोझलचा!

झिरपणारं गास्केट (हेडखालच्या सांध्यातलं पॅकिंग) बदलायला हेड काढलं तेव्हा बाकीचं कळलं. लायनरच्या वरच्या टोकाला नख अडकेल अशी झिजेची कड होती. नव्या लायनरला ती नसते, त्यावर होनिंगच्या (आतून घासल्याच्या) तिरप्या रेघा असतात. पिस्टन माझेच जुने, माथा पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केलेला. फळीवरचा तुटका पिस्टन दुसऱ्याच कोणाचा होता. पहिल्या मिस्त्रीला जाब विचारला तर म्हणे, जुना माल भंगारवाल्यानं नेला.

पिस्टन-रिंगा खरंच गेल्या असतील तर बहुधा निळा धूर येतो, तेल कमी होत जातं. कॉम्प्रेशन कमी भरलं तर त्या सिलिंडरात थोडं इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायला लावा. आकडा चढला तर रिंग-लायनरची झीज, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गास्केट पाहा. मात्र ठिबकणारं नोझल तसंच ठेवू नका, त्यानं चांगला पिस्टनही जळतो.

इंजिन तुमच्यासमोरच उघडू द्या. सेटचा खोका आणि पक्कं बिल घ्या, निघालेले पिस्टन त्याच दिवशी घरी आणा.