रिपेअरनंतर गाडी उचलेना : स्वतः बघायचं, त्याच गॅरेजला बोलवायचं की दुसरा फिटर?

क्लच प्लेट बदलून झाली, पैसे देऊन गाडी घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुरूच होईना. अशा वेळी चार वाटा असतात : आपण बॉनेट उघडायचं, ज्याने काम केलं त्यालाच बोलवायचं, जवळच्या दुसऱ्या फिटरला दाखवायचं, नाहीतर टोचन लावून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यायचं. माझा कौल बहुतेक वेळा त्याच गॅरेजला. पण फोन लावायच्या आधी पंधरा मिनिटं स्वतः बघावं, कारण फोनवर येणारं उत्तर ठरलेलं असतं : "बॅटरी गेली असेल साहेब, आमच्या कामाशी काय संबंध?"

म्हणून आधी बॅटरीच मोजा. साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसतं; 12च्या खाली असेल तर ती उतरली आहे. गॅरेजात दार उघडं टाकून, दिवा चालू ठेवून दोन दिवस काम चाललं तर तीही उतरते, म्हणजे दोष बॅटरीचाच असेल असं नाही. मग टर्मिनल हाताने हलवून बघा. क्लचच्या कामात ते काढावंच लागतं, आणि परत आवळताना कसर राहते. हाताने फिरलं तर बहुतेक गाड्यांना दहाचा पाना पुरतो.

यानंतर कान द्या. सेल्फ मारल्यावर टकटकटक असा सलग आवाज आला तर करंट कमी पडतोय. दिवे लख्ख आणि एकच 'टक्' झालं, किंवा सेल्फ जडजड फिरला, तर इंजिन बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी बघायला सांगा. गिअरबॉक्स उतरवताना ती सुटते आणि कधी लावायची राहून जाते. सेल्फ झकास फिरतोय पण इंजिन पकडत नाही, आणि फिरताना आरपीएमचा काटा जराही हलत नाही, तर संशय क्रँक सेन्सरच्या (इंजिन फिरतंय हे कळवणारा सेन्सर) कपलरवर, म्हणजे वायर जोडायच्या प्लगवर. बऱ्याच गाड्यांत हा सेन्सर गिअरबॉक्सच्या तोंडाशीच असतो. मीटरवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तर दुसरी चावी लावून बघा, इमोबिलायझर (चोरी रोखायला चावी ओळखणारी यंत्रणा) अडवत असेल. डिझेल गाडीचा फिल्टर बदलला असेल तर लाइनमध्ये हवा शिरली असण्याची शक्यता दाट. फिल्टरवर हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबायचा. दुचाकीवाल्यांनी किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) आणि साइड स्टँड आधी बघावा, हसू नये.

सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. सुटलेला कपलर दिसला तर हात लावण्याआधी फोटो काढा. घरच्या तपासाची हद्द इथेच संपते.

त्याच गॅरेजवाल्याचा मोठा फायदा म्हणजे काय काय उघडलं होतं ते त्याला ठाऊक असतं. नवा माणूस जिथे तासभर शोधेल, तिथे त्याचा हात थेट जातो, आणि स्वतःच्या चुकीचे पैसे तो सहसा मागत नाही. तोटा हा की आपली चूक नाही हे दाखवण्याकडे त्याचा ओढा असतो. "गाडी घेऊन या" म्हणाला तर ऐकू नका. त्याने इकडे यावं. टोचनचा खर्च कुणी द्यायचा, या वादातच अर्धं भांडण असतं.

दुसरा फिटर ताज्या नजरेने बघतो, हे खरं. पण त्याने पाना लावला की पहिला गॅरेजवाला हात वर करायला मोकळा. काम पुण्यात झालं आणि गाडी चिपळूणला बंद पडली, पहिला गॅरेजवाला फोन उचलत नाही, किंवा तीच तक्रार दुसऱ्यांदा आली, तरच हा पर्याय घ्यावा. त्यातही सेल्फच फिरत नसेल तर फिटरऐवजी ऑटो इलेक्ट्रिशियन बोलवा. स्टार्टर, रिले, वायरिंग हा त्याचा धंदा आहे. फिटर अनेकदा त्यालाच बोलावतो आणि वर स्वतःचे पैसे लावतो.

सर्व्हिस सेंटर महाग पडतं, आणि दुरुस्तीपेक्षा अख्खा पार्ट बदलण्याकडे तिथे कल असतो. तरी इमोबिलायझर किंवा चावीचा घोळ असेल, किंवा गाडी वॉरंटीत असेल, तर तिकडेच जावं. विम्यात रोडसाइड असिस्टन्स घेतला असेल तर टोचन त्यात बसतं का बघा. ऑटोमॅटिक गाडी दोरीने ओढू देऊ नका, प्लॅटफॉर्मवरच चढवा.

एका बाबतीत मात्र घरचे प्रयोगही नकोत. टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हची चाल जुळवणारा पट्टा) बदलला असेल किंवा इंजिन उघडलं असेल, तर सेल्फ पुन्हा मारू नका आणि धक्का तर अजिबात देऊ नका. बेल्टचे दात चुकून बसले असतील तर अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून व्हॉल्व्ह वाकतात. मग हजारांचं काम लाखाकडे जातं. इथे दुसरा फिटर नको, सर्व्हिस सेंटरही लगेच नको. त्याच गॅरेजवाल्याने येऊन तुमच्यासमोर कव्हर उघडून बेल्टच्या खुणा जुळतात का ते दाखवावं. तो टाळू लागला तर लेखी मेसेज पाठवून ठेवा. बिल पक्कं असेल आणि त्यावर कामाचा तपशील असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते. नुसत्या 'गाडीचं काम' अशा चिठ्ठीवर तिथे बाजू मांडणं जड जातं.