केवायसीला अंगठा मागितला की उठून घरी या

लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत अंगठा कुठेच लागत नाही. बाईचा आधार नंबर टाकायचा, मोबाईलवर ओटीपी येतो तो भरायचा. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर आणि त्यांच्या मोबाईलवरचा ओटीपी. जात प्रवर्ग निवडायचा, घरात कोणी कायम सरकारी नोकरीत किंवा पेन्शनवर नाही वगैरे घोषणांवर टिक करायची, संपलं. फी नाही. बँकेचं नावसुद्धा कोणी विचारत नाही. पुढचं वाचायला वेळ नसेल तर निदान एवढं तरी घरातल्या बायकांपर्यंत पोचवा. माझ्या काकूच्या खात्यातून साडेचौदा हजार रुपये गेले ते या 'केवायसी'च्या नावाखालीच.

काकू सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात राहते, सीना नदीच्या काठी. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला जो पूर आला त्यात घरात पाणी शिरलं, धान्य भिजलं, रेशनकार्डापासून सगळी कागदं पत्र्यावर वाळत घालावी लागली. आणि त्याच महिन्यात, १८ सप्टेंबर २०२५ ला, शासन निर्णय निघाला: सगळ्या लाभार्थी महिलांनी दोन महिन्यांत ई-केवायसी करायचं, नाहीतर हप्ता बंद. काका वारले आहेत, काकूचे वडील तर कधीच गेले. साईट मात्र नवऱ्याचा नाहीतर बापाचा ओटीपी मागणार. गेलेल्या माणसाच्या फोनवर ओटीपी कसा येणार, याचं उत्तर तेव्हा साईटवरही नव्हतं आणि तालुक्याच्या कचेरीतही नव्हतं. ज्यांचे नवरे हयात होते त्यांचीही कुठे बरी गत होती? दिवसा साईट चालायची नाही, ओटीपीच्या जागी एरर यायचा. लोक रात्री-अपरात्री उठून प्रयत्न करायचे.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मुदत संपत आलेली असताना, गावातल्या समाजमंदिरात 'मोफत ई-केवायसी शिबिर' लागलं. फलकावर दोन-तीन नेत्यांचे फोटो, योजनेचं नाव, खाली हात जोडलेला एक तरुण कार्यकर्ता. असे फलक कोणीही छापून लावतं. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप फिरला आणि बायकांची रांग लागली. मोफत म्हणे, पण 'नेटचे' शंभर रुपये घेत होते. टेबलावर लॅपटॉप, मोबाईल आणि रेशन दुकानात असतं तसं छोटं थंब मशीन.

काकूने नवरा नसल्याचं सांगितल्यावर तो मुलगा म्हणाला, "मग तुमचं ओटीपीवर हुणार न्हाई मावशी, थंबवर करून देतो." मग विचारलं, "खातं कुठल्या बँकेत हाय?" काकूने सांगितलं. अंगठा ठेवला. "उठंना झालाय बगा, परत ठेवा." काकूने रेशन दुकानात करते तसा अंगठा डोक्याच्या केसांवरून फिरवला आणि पुन्हा ठेवला. आयुष्यभर शेतात खुरपं धरलेल्या बायकांच्या अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात. पहिल्या फटक्यात अंगठा उठला नाही याचं कोणालाच नवल वाटत नाही. त्याने एका कागदाची प्रिंट दिली, वर इंग्रजीत 'ई-केवायसी सक्सेसफुल' असं लिहिलेलं. तो कागद मी नंतर पाहिला. त्यावर ना काकूचं नाव ना आधारचे शेवटचे चार आकडे. दुसऱ्याच कोणाच्या तरी स्क्रीनचा फोटो कापून छापलेला.

अतिवृष्टीच्या अनुदानाचे पैसे नुकतेच जमा झाले होते. रब्बीचं बियाणं घ्यायला काकू बँकेत गेली तेव्हा स्लिप परत आली, शिल्लक नाही. पासबुक भरून घेतलं तर एकाखाली एक दोन ओळी, शिबिराच्याच तारखेच्या: १०,००० आणि ४,५००. पुढे 'एईपीएस' आणि आकड्यांची माळ. एसएमएस आला नव्हता, कारण खात्याला काकांचा जुना नंबर जोडलेला आणि ते सिमकार्ड कधीच बंद पडलेलं.

एईपीएस म्हणजे आधारवर चालणारी पैसे देण्याघेण्याची व्यवस्था. ती नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन चालवते. गावात बँक मित्राकडे अंगठा लावून पैसे काढतात ना, तीच ही. तिला तीन गोष्टी लागतात: आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा. ना पिन, ना ओटीपी, ना कार्ड. एका वेळी १०,००० पर्यंत काढता येतात. होतं असं की अंगठा जुळला की तुमच्या खात्यातून रक्कम वजा होऊन मशीनवाल्याच्या खात्यात जमा होते आणि तो तुमच्या हातात तेवढी रोख ठेवतो. शिबिरवाल्याने फक्त शेवटची पायरी गाळली. म्हणून 'खातं कुठल्या बँकेत' हा प्रश्न लक्षात ठेवा. केवायसी करणाऱ्याला त्याची गरज नसते, पैसे काढणाऱ्याला असते. आणि 'अंगठा उठला नाही, परत ठेवा' म्हणजे दुसरा व्यवहार असू शकतो.

आता काही शहाणे म्हणतील, बायकांना एवढं कळत कसं नाही. कसं कळावं? रेशनकार्डाची केवायसी केली तेव्हा दुकानात अंगठाच घेतला होता. पीएम किसानची केवायसी ओटीपीवर होते, सेवा केंद्रात अंगठ्यावर होते आणि चेहरा दाखवूनही होते. लाडकी बहीणला मात्र फक्त ओटीपी. एकाच बाईला वर्षा-दोन वर्षांत तीन खात्यांनी तीन तऱ्हेने ओळख पटवायला लावली आणि कुठल्या खात्याला काय लागतं हे सांगायला गावात कोणी आलं नाही. खोट्या वेबसाईटपासून सावध राहा असं सरकारने सांगितलं, ते खरं. अधिकृत साईटचा पत्ता 'महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन' असाच संपतो, हेही सगळ्यांनी पाठ करावं. पण समाजमंदिरातल्या टेबलापुढे बसलेल्या बाईला वेबसाईट दिसतच नाही, तिला लॅपटॉपची पाठ दिसते.

छाननी नको असं माझं म्हणणं नाही. या योजनेत १४ हजारांहून जास्त पुरुषांनी पैसे घेतल्याचं २०२५ मध्ये समोर आलं, सरकारी नोकरीतल्या बायकाही सापडल्या. पैसा आपलाच आहे, तपासायलाच हवा. पण २०२४ च्या जूनमध्ये घोषणा झाली, ऑगस्टमध्ये दोन महिन्यांचे ३,००० एकदम खात्यावर आले, नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक, त्यात १,५०० चे २,१०० करण्याचं आश्वासन. तेव्हा कोणाला छाननीची घाई नव्हती. मतं पडून गेल्यावर ती सुरू झाली आणि तिचा सगळा भार, वेळ, खर्च, धोका बायकांवर टाकला गेला. दोन कोटींहून जास्त बायकांना एका साईटवर, एका मुदतीत, एकदम आणून उभं केलं तर मध्ये दलाल उभा राहणारच. पुढे मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली आणि पती-वडील हयात नसलेल्यांना मृत्यूच्या दाखल्याची प्रत अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सोय झाली. हेच सप्टेंबरात ठरवलं असतं तर काकू त्या रांगेत उभी राहिली नसती.

बँकेतला अनुभव वेगळाच. शाखेतले साहेब म्हणाले, "अंगठा त्यांचाच आहे, व्यवहार यशस्वी आहे, मशीन आमच्या बँकेचं नाही. आम्ही काय करणार?" खेडेगावातल्या माणसाला एवढं ऐकवलं की तो परत फिरतो. फिरू नका. आम्ही रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक धरलं, अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती यावरचं. त्यानुसार चूक ना बँकेची ना ग्राहकाची, मधल्या कोणाची तरी असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर एका रुपयाचीही जबाबदारी येत नाही. हे तीन दिवस बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून मोजायचे असतात. एसएमएस पोचलाच नाही तर बाईला सूचना कधी मिळाली? पासबुक भरलं तेव्हा. आम्ही अर्जात हेच लिहिलं. ग्राहकाची चूक सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे, हेही लिहिलं. तक्रारीनंतर दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा, असंही त्या परिपत्रकात होतं. त्याची मराठी करून, प्रत जोडून अर्ज दिल्यावर साहेबांचा आवाज उतरला. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. तोंडी तक्रारीला कागदावर जन्मच नसतो.

सोबत १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन करा. पैसे रोख काढून नेलेले नसतात, मशीनवाल्याच्या खात्यात जमा झालेले असतात. लवकर कळवलं तर ते खातं गोठवता येतं. आम्हाला कळलं तोवर त्यातले पैसे पुढे सरकले होते. बँकेकडून त्या व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक आणि मशीन ज्या बँकेच्या नावावर चालतं तिचं नाव मागून घ्या, पोलीस पहिल्यांदा तेच विचारतात. पोलीस ठाण्यात आधी 'रक्कम छोटी आहे' हे ऐकावं लागलं. मग गावातल्या आणखी काही बायकांची पासबुकं भरून आणली, तेव्हा रक्कम छोटी राहिली नाही.

बायोमेट्रिक लॉक करण्याची सोय आहे. आधारच्या साईटवर किंवा ॲपमध्ये अंगठा कुलूपबंद करता येतो. मग कोणीही मशीनवर ठेवून घेतला तरी व्यवहार होत नाही. पण त्यासाठी आधारला चालू मोबाईल नंबर जोडलेला हवा. आणि लॉक केलं की रेशन दुकानातही अंगठा चालत नाही, दर महिन्याला थोड्या वेळापुरतं उघडावं लागतं. स्मार्टफोन नसलेल्या बाईने हे कसं करायचं? माझं मत सरळ आहे: अंगठ्यावर पैसे काढायची सोय ज्याने मागितली त्यालाच मिळावी, बाकी खात्यांवर ती बंदच असावी. रेशनचा अंगठा वेगळा, बँकेचा वेगळा, एवढं तर व्यवस्थेला जमायला हवं. पण धोका मान्य करायचीच तयारी नाही. २०२२ च्या मे महिन्यात आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने 'आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका' असं पत्रक काढलं, आणि दोनच दिवसांत 'गैरसमज होईल' म्हणून केंद्र सरकारने ते मागे घेतलं. झेरॉक्स आपण आजही लॉजपासून सिमकार्डाच्या दुकानापर्यंत वाटतोच आहोत.

काकूच्या बँकेने रक्कम खात्यावर दाखवली आहे, पण होल्ड लावून. काढता येत नाही. मुदतीत निकाल आला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं, अर्ज तयार आहे. केवायसी अंगणवाडी ताईंनी दाखल्याची प्रत घेऊन मार्गी लावलं. त्या मुलाचा पत्ता नाही. मशीनचा आयडी शेजारच्या तालुक्यातल्या एका मोबाईल दुकानदाराच्या नावावर निघाला, आणि तो म्हणतो मी आयडी भाड्याने दिला होता. १ जानेवारी २०२६ पासून रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले आहेत: अशा मशीनवाल्यांची नीट पडताळणी करायची, तीन महिने मशीन बंद राहिलं तर पुन्हा केवायसी करून घ्यायची आणि त्यांच्या व्यवहारांवर नजर ठेवायची. म्हणजे आता केवायसी त्यांचीही होणार. भाड्याने दिलेला आयडी त्यात सापडतो का, हे त्या दुकानदाराच्या बँकेला आम्ही लेखी विचारलं आहे.