वन्यजीवांची चांदीची नाणी : २२ महिन्यांचा अनुभव आणि एक पांढरा डाग

गेल्या महिन्यात नेहमीप्रमाणे नाण्यांची पेटी उघडली आणि एका नाण्यावरच्या प्राण्याच्या मानेजवळ, केसांच्या कोरीव रेषा विरत जातात नेमक्या त्या जागी, दुधाचा थेंब वाळून बसावा तसा पांढरट ठिपका दिसला. ठिपका टाचणीच्या माथ्याएवढाच होता. नाणे आले त्या दिवसापासून त्याची कॅप्सूल, म्हणजे नाण्याची पारदर्शक प्लास्टिकची डबी, उघडलेली नव्हती, त्याला कोणाचे बोट लागलेले नव्हते, आणि सात महिन्यांपूर्वी मी काढलेल्या छायाचित्रात ती जागा आरशासारखी स्वच्छ आहे. भिंग लावून पाहिले तेव्हा कडेजवळ आणि सालाच्या आकड्यांत आणखी दोन ठिपके सापडले. मग त्याच संध्याकाळी सगळी नाणी एकेक करून तपासली आणि ३१ पैकी ५ नाण्यांवर कमीअधिक हाच प्रकार आढळला. ही पाच नाणी कोणत्या टाकसाळींची आहेत ते मी लिहीत नाही, कारण ती एकाच टाकसाळीची नाहीत आणि आधुनिक शुद्ध चांदीच्या नाण्यांत हा दोष जगभर दिसतो. वजन, व्यास, दर्शनी मूल्य ही माहिती वाचकांना असतेच असे मी धरून चालते. मला सांगायचे आहे ते अशी नाणी २२ महिने जवळ बाळगल्यावर काय होते ते, आणि त्यातही मुख्यतः या डागाबद्दल.

संग्रहाची सुरुवात मी कॅनडाच्या वन्यजीव मालिकेने केली आणि त्यामागे सरळ काटकसरीचा विचार होता. २०११ ते २०१३ या तीन वर्षांत लांडगा, ग्रिझली अस्वल, कुगर, मूस, प्राँगहॉर्न आणि वुड बायसन अशी सहा नाणी निघाली आणि मालिका संपली. दरवर्षी नवे नाणे काढणाऱ्या मालिकेला अंत नसतो. इथे सहावे नाणे हाती आले की संच पुरा होतो आणि खर्चही थांबतो. प्रत्येक नाण्याच्या दहा लाख प्रती काढल्यामुळे ती दुर्मीळ म्हणावीत अशी नाहीत, आणि मला तेच हवे होते. दहा हजारांत ९,९९९ भाग चांदी, एक ट्रॉय औंस (३१.१ ग्रॅम) वजन आणि त्या देशाच्या रानात खरोखर वावरणारा प्राणी एवढ्यावर मी समाधानी होते.

तो निश्चय टिकला नाही, कारण पुढे मी ऑस्ट्रेलियाच्या पर्थ टाकसाळीचा कुकाबुरा पाहिला. १९९० पासून दरवर्षी हा पक्षी नाण्यावर येतो आणि दरवर्षी त्याचे चित्र बदलते: कधी एकटा, कधी जोडीने, कधी फांदीवर, कधी पंख पसरून. कुकाबुरा खंड्याच्याच कुळातला असून त्या कुळातला तो सर्वांत वजनदार पक्षी आहे, आणि ती जाड, बोथट चोच चांदीत फार छान उतरते. नाणे तिरपे धरून दिव्याखाली सावकाश फिरवले की चोचीच्या वरच्या कडेवरून उजेडाची रेघ सरकत डोळ्यापर्यंत येते आणि तिथे क्षणभर थांबल्यासारखी वाटते. केवळ या एका दृश्यासाठी मी त्या मालिकेतली नऊ नाणी घेतली. नंतर वाचनात आले की पर्थ ज्या नैर्ऋत्य भागात आहे तिथला कुकाबुरा मूळचा नाही. त्याचे घर खंडाच्या पूर्वेला आहे आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याला माणसांनी पश्चिमेकडे नेऊन सोडले. ज्या गावी हे नाणे पडते तिथे हा पक्षी पाहुणा आहे. तिथला खरा रहिवासी काळा हंस आहे, तो पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याचे बोधचिन्हही आहे, आणि त्याच टाकसाळीने २०१७ पासून हंसाचेही नाणे काढायला सुरुवात केली. प्राण्याचे नाव वाचून थांबू नये, तो मुळात कुठला हे पाहावे, ही सवय मला इथून लागली. याच सवयीमुळे सोमालियाच्या नावाने २००४ पासून निघणारे हत्तीचे नाणे जर्मनीत, बव्हेरियाच्या टाकसाळीत पडते हे मला आजही खटकते, जरी त्यावरचे हत्तीच्या कातडीचे काम मी पाहिलेल्या सर्व नाण्यांत सरस आहे.

आता डागाकडे वळते. अशा नाण्यासाठी आपण चांदीच्या चालू भावापेक्षा बरेच अधिक पैसे मोजतो. दागिन्याला घडणावळ असते तशीच ही घडणावळ, आणि ती पूर्णपणे पृष्ठभागासाठी असते: पिसांसाठी, डोळ्यासाठी, मागच्या आरशासारख्या सपाटीसाठी. आतल्या ३१.१ ग्रॅम चांदीला डागाने काहीच होत नाही, तिचे मोल होते तेवढेच राहते. म्हणजे डाग पडतो तो नेमका जादा दिलेल्या पैशांवर. ज्यांनी चांदी साठवायची म्हणून नाणी घेतली त्यांना याची क्षिती वाटणार नाही. ज्यांनी प्राण्यासाठी घेतली त्यांचे मात्र सगळेच नुकसान होते. एवढी साधी गोष्ट मला खरेदीच्या वेळी कळली नव्हती आणि कोणी सांगितलीही नव्हती.

विक्रेत्याला मी छायाचित्रांसह पत्र पाठवले. आठ दिवसांनी उत्तर आले की हे गुंतवणुकीचे नाणे असल्याने पांढरे ठिपके दोषात मोडत नाहीत. हवे असल्यास नाणे परत घेऊ, पण चांदीच्या मोडीच्या भावाने. त्यावर मी विचारले की विकताना घडणावळ संग्राह्य वस्तूची घेतली, मग परत घेताना ती वस्तू नुसती धातूची चकती कशी झाली? या प्रश्नाला दोन पत्रांत उत्तर आले नाही आणि तिसऱ्या पत्राला काहीच प्रतिसाद आला नाही. रक्कम मोठी नव्हती. परंतु वस्तू एक सांगून विकायची आणि तक्रार आली की तिचा वर्ग बदलायचा, हे मला मान्य नाही, आणि त्या विक्रेत्याकडून पुन्हा काही घ्यायचे नाही असा कानाला खडा लावला आहे.

सुरुवातीला मी दोष माझ्या साठवणुकीला दिला होता. दमट हवेचा संशय घेतला, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या वाढवल्या, लाकडी खण सोडून नाणी धातूच्या पेटीत हलवली. हे सगळे काळवंडण्याविरुद्ध उपयोगाचे आहे. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे, आणि रबर, लोकर, काही प्रकारचे लाकूड व कागद ते वायू सोडतात. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटांपासून तर नाणी दूरच ठेवावीत, कारण त्यांतून पाझरणारा हिरवट चिकट थर धातू खातो. पण पांढऱ्या ठिपक्याचा यांपैकी कशाशीही संबंध नाही असे आता माझे मत झाले आहे. त्याचे सर्वसाधारणपणे मानले जाणारे कारण असे की छाप मारण्यापूर्वी चकत्या धुतल्या जातात आणि तापवून मऊ केल्या जातात, त्या वेळी धुण्याच्या द्रावणाचा अंश पृष्ठभागावर राहून जातो आणि महिन्यांनी, कधी वर्षांनी, पांढरा होऊन वर दिसू लागतो. माझ्या पाच नाण्यांपैकी तीन सीलबंद कॅप्सूलमध्ये होती आणि दोन ट्यूबमध्ये, म्हणजे नाणी एकावर एक रचून ठेवायच्या नळीत. वापरणाऱ्याने कितीही काळजी घेतली तरी नाणे हा डाग टाकसाळीतूनच बरोबर घेऊन येते. कॅनडाच्या टाकसाळीने २०१८ मध्ये आपल्या चांदीच्या नाण्यांसाठी मिंटशील्ड नावाची प्रक्रिया आणली ती हे ठिपके कमी व्हावेत यासाठीच. वापरणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे डाग पडत असते तर टाकसाळीला एवढा खटाटोप करावा लागला नसता, हा मुद्दाही मी विक्रेत्याला लिहिला होता.

डाग काढण्याचे प्रयोग कोणी करू नयेत. ॲसिटोनने पीव्हीसीचा चिकटपणा निघतो, म्हणून पाचांतले सर्वांत खराब नाणे त्यात बुडवून पाहिले. ठिपका होता तसाच राहिला. मग त्याच नाण्यावर चांदी उजळण्याच्या द्रावणात भिजवलेला कापूस अगदी हलक्या हाताने फिरवला. शुद्ध चांदी इतकी मऊ असते की तेवढ्यानेही सपाटीवर बारीक केसांसारखे ओरखडे उठले आणि नाणे फिरवताना चाकाच्या आऱ्यांसारखा जो उजेड घुमतो तो त्या भागात मेला. ठिपका थोडा फिका झाला, पण आता भिंगाशिवायही त्या जागी नजर जाते. हे नुकसान मात्र मी स्वतः केलेले आहे आणि त्याची हळहळ मला डागापेक्षा अधिक वाटते.

इथपर्यंतचा मजकूर तीन आठवड्यांपूर्वी लिहिला होता आणि तेव्हा माझा निष्कर्ष असा होता की वन्यजीवांची चांदीची नाणी घेऊच नयेत. तो आता बदलला आहे, आणि त्याला कारण झाले एक फार लहान नाणे.

न्यूझीलंडने १९३३ मध्ये स्वतःची नाणी काढली तेव्हा सहा पेन्सच्या नाण्यावर हुइआ पक्ष्याची मादी आली. चित्र जॉर्ज क्रूगर ग्रे यांचे. १९४६ पर्यंत हे नाणे निम्म्या चांदीचे होते, १९४७ पासून तांबे आणि निकेलचे झाले. चलनात वापरले गेलेले, अनेकांच्या हातांतून गेलेले १९३४ सालचे एक नाणे मला ओळखीच्या संग्राहकाकडून जवळजवळ धातूच्याच भावाने मिळाले. वजन तीन ग्रॅमही नाही, व्यास दोन सेंटिमीटरच्या आत. छातीवरची पिसे झिजून गुळगुळीत झाली आहेत, फांदीचा नुसता उंचवटा उरला आहे, पण खाली वळलेल्या लांब चोचीचा बाक शाबूत आहे. या पक्ष्यात नराची चोच आखूड व भक्कम आणि मादीची लांब व बाकदार असे, त्यामुळे ती मादी आहे हे इतक्या झिजेनंतरही ओळखू येते. हुइआ फक्त न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर राहत असे आणि त्याचे शेवटचे खात्रीचे दर्शन १९०७ मधले आहे. म्हणजे नाणे निघाले तेव्हा पक्षी जाऊन पाव शतक उलटले होते, आणि पुढे तीन दशकांहून अधिक काळ लोक दुकानातून मोड म्हणून त्याचे चित्र घेत राहिले. हे नाणे मी उघड्या बोटांनी धरते. त्यावर आता नवा डाग पडून बिघडण्यासारखे काही उरलेले नाही, आणि त्यामुळे २२ महिन्यांत प्रथमच मी नाण्याची काळजी सोडून त्यावरच्या पक्ष्याकडे पाहू शकले.

त्यानंतर शोध त्याच दिशेने वळला. १९७४ पासून वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या सहकार्याने निरनिराळ्या देशांची संवर्धन नाणी निघाली. त्यांतल्या इंडोनेशियाच्या दोन हजार रुपियांच्या चांदीच्या नाण्यावर जावा बेटावरचा वाघ आहे, आणि तो वाघ त्याच दशकानंतर पुन्हा खात्रीने दिसलेला नाही. ही नाणी बाहेर पडून सुमारे पन्नास वर्षे झाली. ज्यांच्यावर डाग पडायचे त्यांच्यावर ते पडून गेले असणार, त्यामुळे घेण्याआधी भिंगाखाली जे दिसते त्यावर मला पुष्कळ भरवसा ठेवता येतो. नव्या चकचकीत नाण्याबाबत तीच खात्री नसते.

कॅनडाचा संच मी मोडणार नाही, कुकाबुराची नऊ नाणीही ठेवणार आहे. नवे नाणे घेतलेच तर ते किमान दोनतीन वर्षांपूर्वी निघालेले असावे, विक्रेत्याने दोन्ही बाजूंची तिरप्या उजेडातली छायाचित्रे आधी दाखवावीत आणि घडणावळ किती ते वेगळे लिहून द्यावे, एवढ्या अटी ठरवल्या आहेत. चीनच्या पांडाचा विचार तूर्त बाजूला ठेवला आहे: २०१६ पासून ते नाणे औंसाऐवजी ३० ग्रॅमचे झाले, म्हणजे चांदी एक ग्रॅमहून अधिक कमी झाली, आणि माझा स्वभाव पाहता तो ग्रॅम मला दर वेळी आठवत राहील. त्याच्या २००२ च्या नाण्याची कथा मात्र संग्राहकांनी लक्षात ठेवावी. त्या वर्षी आदल्या सालचेच चित्र पुन्हा वापरले, पुढेही तेच ठेवायचा बेत होता, पण लोकांनी तक्रार केली आणि २००३ पासून दरवर्षी नवा पांडा येऊ लागला. तक्रारीचा असा उपयोग होऊ शकतो, म्हणून डाग पडलेल्या पाचही नाण्यांची छायाचित्रे तारखांसह मी संबंधित टाकसाळींना पाठवली आहेत. मानेजवळचा तो पहिला ठिपका काल मोजला. महिन्यापूर्वी होता त्यापेक्षा तो वाढलेला नाही.