गोरी हवी, गोरिला मिळेल

नाशिकला रविवार कारंजाजवळच्या एका गल्लीत नाटकाचे पोशाख आणि मुखवटे भाड्याने देणारे जुने दुकान आहे. तेथून मार्च महिन्यात आम्ही गोरिलाचे पाच रबरी मुखवटे घेतले. तिथीच्या शिवजयंतीसाठी मावळ्यांचे पोशाख न्यायला आलेल्या गर्दीत पाच बायका गोरिला मागत आहेत, हे पाहून दुकानदारकाका क्षणभर गोंधळले. पण त्यांनी मुकाट्याने माळ्यावरची पेटी उतरवली.

स्थळांच्या जाहिरातींमधील ‘गोरी’ या अटीवर आम्ही पथनाट्य बसवले होते. कांदेपोह्यांचा कार्यक्रम चालू आहे, मुलगी बशी घेऊन येते आणि पदराखाली गोरिलाचे डोके असते. तिच्या मागून तशीच दुसरी, मग तिसरी. प्रत्येकीच्या परिचयपत्रात वर्ण ‘गोरा’ असाच लिहिलेला आहे, आणि मुलाच्या आईने हातमोज्यांवरून त्याची खातरजमा करायची आहे. कल्पना अर्थातच उसनी होती. न्यू यॉर्कमधील ‘गुरिल्ला गर्ल्स’ या स्त्री-कलावंतांच्या गटाने १९८५ पासून गोरिलाचे मुखवटे घालून कलाजगतातील भेदभावाची टर उडवली. मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या आधुनिक कला विभागात स्त्री-कलावंत ५ टक्क्यांहून कमी, पण नग्नचित्रांपैकी ८५ टक्के स्त्रियांची, हा हिशेब त्यांनी १९८९ मध्ये भित्तिपत्रकावर छापला. गनिमी या अर्थाचा ‘गुरिल्ला’ हा शब्द एकीने चुकून ‘गोरिला’ असा लिहिला आणि त्यातून मुखवटा सुचला, असे त्या स्वतःच सांगतात. मराठीत तर ‘गोरी’ आणि ‘गोरिला’ यांची जवळीक आयतीच आमच्या पथ्यावर पडली. चेहरा झाकण्याचे आणखी एक साधे कारण होते: आमच्यापैकी दोघींसाठी स्थळे पाहणे चालू होते.

आता मालाविषयी. मुखवटे दिसायला उत्तम आहेत. भुवयांचा उंचवटा आणि नाकपुड्या इतक्या हुबेहूब की पहिल्या रांगेतले एक मूल रडू लागले. भाडे दिवसाला प्रत्येकी २०० रुपये आणि अनामत ५००, हेही रास्त वाटले. परंतु तोंडाची फट जेमतेम बोटभर रुंद असल्याने संवाद आतल्या आत घुमतो, आणि पथनाट्यात हा दोष अक्षम्य आहे. पेठ-सुरगाण्याकडच्या बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवात सोंगे संबळाच्या तालावर नाचतात, तेथे मुखवट्याला बोलावे लागत नाही. आम्हाला मात्र मुलीच्या तोंडून हुंड्याचा जाब विचारायचा होता. अखेर वाक्ये पुठ्ठ्यावर लिहून हातात धरावी लागली. चष्मा लावणाऱ्यांनी या मुखवट्याच्या वाटेला जाऊच नये, आणि अंबाडा घालून तर तो डोक्यात शिरतच नाही. दुपारच्या उन्हात रबराचा वास असह्य होतो. मुखवटे आधीच्या गिऱ्हाइकानंतर धुतलेले नव्हते, ही माझी खरी तक्रार आहे. काकांना सांगितल्यावर त्यांनी डेटॉलची बाटली पुढे केली आणि पुसण्याचे काम आमच्यावरच सोपवले.

तरीही माणूस मोकळा आहे. मुलीच्या भूमिकेसाठी मुखवटा चढवण्याआधी पाहुण्यांसमोर क्षणभर चेहरा दिसणार, असे मी सांगताच त्यांनी सवयीने रंगपेटी उघडून विचारले, “ताई, मुलगी गोरीच दाखवायची ना?” आमचे हसू थांबेना तेव्हा त्यांनी विषय विचारला, आणि कळल्यावर रंगपेटीचे पैसे लावले नाहीत.

परत करताना एका मुखवट्याचा कान फाटला म्हणून अनामतीतून ८० रुपये कापले गेले, ते योग्यच होते. मूकनाट्यासाठी हे मुखवटे जरूर घ्यावेत. बोलायचे असेल तर याच दुकानातील अर्ध्या चेहऱ्याचे, हनुवटी मोकळी ठेवणारे माकडाचे मुखवटे मागावेत. ते ६० रुपयांत मिळतात आणि वरच्या फळीवर, राक्षसांच्या मागे ठेवलेले असतात.